सांगितलेली आज्ञा आणि न सांगितलेली इच्छा

गुरुवारपेठी (धागाकर्ता)

सर्वांना सलाम.

आमच्या मंडळीच्या तरुण संघात बायबल अभ्यास घेताना एक प्रश्न निरनिराळ्या रूपांत सतत समोर येतो. हिंजवडीतली नोकरी सोडून बंगळूरची पत्करावी का, सांगून आलेल्या स्थळाला होकार द्यावा का, वाघोलीत फ्लॅटसाठी कर्ज काढावे का, आणि या सगळ्यांत देवाची इच्छा नेमकी कोणती हे कसे ओळखावे. मुले मनापासून विचारतात, प्रार्थना करतात, काही जण उपवासही करतात, हे मी जवळून पाहतो. तरीही मला असे वाटू लागले आहे की आज्ञापालनाची चर्चा आपण चुकीच्या टोकाने सुरू करतो. देवाने जे सांगितलेलेच नाही ते हुडकून काढण्यात आपली बरीचशी शक्ती खर्च होते, आणि जे त्याने स्वच्छ सांगून ठेवले आहे ते "ठाऊकच आहे" म्हणून बाजूला पडते.

अनुवाद २९:२९ मध्ये मोशे इस्राएल लोकांना सांगतो की गुप्त गोष्टी परमेश्वराच्या स्वाधीन आहेत, प्रकट केलेल्या गोष्टी मात्र आमच्या आणि आमच्या मुलाबाळांच्या आहेत, आणि त्या पाळण्यासाठी आहेत. पुढच्याच अध्यायात तो म्हणतो की ही आज्ञा आकाशात नाही, समुद्रापलीकडेही नाही. ती अगदी जवळ, तुझ्या तोंडी आणि तुझ्या मनात आहे. मीखा संदेष्टा तर सहाव्या अध्यायात विचारतो की परमेश्वरासमोर काय घेऊन जावे, हजारो एडके, तेलाच्या नद्या, की माझा ज्येष्ठ पुत्र? आणि उत्तर असे मिळते की चांगले काय ते तुला आधीच दाखवले आहे: न्यायाने वागणे, दयेची आवड धरणे आणि आपल्या देवासमोर नम्रपणे चालणे. यातल्या कशासाठीही दृष्टान्त किंवा चिन्ह मागण्याची गरज नाही.

शौल राजाची गोष्ट (१ शमुवेल १५) आपण शब्बाथशाळेपासून ऐकत आलो आहोत, पण तिच्यातला एक बारकावा पुन्हा पाहण्यासारखा आहे. युद्धात हाती आलेले काहीही न राखता सगळे नष्ट करावे, अशी आज्ञा शौलाला होती. गिलगालला शमुवेल संदेष्टा येतो तेव्हा शौल स्वतःहून पुढे होऊन "मी परमेश्वराची आज्ञा पाळली आहे" असे सांगतो, आणि त्याचे बोलणे पुरे होते न होते तोच मागून मेंढरांचा आवाज ऐकू येतो. ही मेंढरे कसली, असे शमुवेल विचारतो. त्यावर शौलाचे उत्तर तयार आहे: लोकांनी उत्तम जनावरे राखून ठेवली, तीही परमेश्वराला यज्ञ करण्यासाठी. म्हणजे आज्ञा मोडली आहे ती भक्तीच्या नावाने. ज्या गोष्टी निरुपयोगी होत्या त्या त्याने नष्ट केल्या आणि चांगल्या ठेवल्या. आज्ञेतला आपल्याला परवडणारा भाग पाळायचा आणि उरलेल्याची भरपाई उपासनेने करायची, हा व्यवहार शौलाबरोबर संपलेला नाही. यज्ञापेक्षा आज्ञा पाळणे बरे, हे शमुवेलाचे शब्द या व्यवहाराला उद्देशून आहेत.

नव्या करारात याचे सगळ्यांत थेट उदाहरण मत्तय ५:२३-२४ मध्ये आहे. तू आपले दान वेदीपाशी आणलेस आणि तुझ्या भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे असे तुला तिथे आठवले, तर दान तिथेच ठेव, आधी जाऊन भावाशी समेट कर आणि मग येऊन दान अर्पण कर. ऐकणारे बहुतेक गालीली लोक होते आणि वेदी यरुशलेमेत होती, म्हणजे परत जाऊन यायचे तर कित्येक दिवसांची वाट होती, हे लक्षात घेतले की या वचनाची धार कळते. आपल्याकडे प्रभुभोजनाच्या रविवारी एकमेकांशी न बोलणारे सख्खे भाऊ दोन वेगवेगळ्या बाकांवर बसतात, एकामागोमाग एक कठड्याशी येऊन गुडघे टेकतात, भाकर आणि द्राक्षारस घेतात आणि वेगवेगळ्या दारांनी बाहेर पडतात. त्यांतल्या एखाद्याने त्याच आठवड्यात मुलाच्या नोकरीसाठी "प्रभूची इच्छा" विचारत उपवास केलेला असतो. उपवास खोटा आहे असे मी म्हणत नाही, पण ज्या प्रश्नाचे उत्तर आधीच मिळालेले आहे तो प्रश्न त्याने विचारलेलाच नाही.

प्रभू येशूच्या बाबतीतही आज्ञापालन हे असेच, घडलेल्या कृतीचे आहे. इब्री लोकांस पत्र (५:८) म्हणते की पुत्र असूनही त्याने जे सोसले त्यातून तो आज्ञाधारकपणा शिकला, आणि फिलिप्पैकरांस पत्र म्हणते की तो मरण सोसण्यापर्यंत, तेही वधस्तंभावरचे मरण सोसण्यापर्यंत, आज्ञाधारक झाला. गेथशेमाने बागेत पित्याची इच्छा काय आहे हे त्याला ठाऊक आहे. तरीही हा प्याला टळावा असे तो मागतो, आणि मग "माझ्या इच्छेप्रमाणे नको, तुझ्या इच्छेप्रमाणे होवो" असे म्हणतो. ठाऊक असलेले पत्करणे हीच तिथली झुंज आहे.

आपली मते वाचायला आवडतील, विशेषतः विरोधी.

प्रश्नचिन्ह

मी ख्रिस्ती नाही, या विषयाचा जिज्ञासू वाचक आहे, त्यामुळे विचारण्यात काही कमीजास्त झाल्यास समजून घ्यावे. आपण शौलाचे उदाहरण दिलेत म्हणून तो अध्याय आत्ता पूर्ण वाचला. शौलाला दिलेली आज्ञा अमालेकी लोकांचा, त्यांच्या बायकामुलांसकट, संहार करण्याची होती. मग ती आज्ञा अपुरी पाळली याबद्दल त्याला दोष द्यायचा, की अशी आज्ञा असू शकते याबद्दल वाचणाऱ्याने थबकायचे?

दुसरा प्रश्न याला लागूनच आहे. आम्ही श्रियाळ राजा आणि चांगुणेची कथा ऐकत वाढलो. अतिथीच्या रूपात आलेल्या शंकराने मागितले म्हणून चिलया बाळाचा बळी दिला जातो, आईला ते शिर उखळात कांडावे लागते आणि तेही डोळ्यांत पाणी न आणता. शेवटी बाळ परत मिळतो हे ठाऊक असूनही लहानपणी मला ती कथा ऐकवत नसे. अब्राहाम आणि इसहाकाची गोष्ट मला त्याच जातीची वाटते. आज्ञापालन ही इतकी मोठी गोष्ट असेल, तर ते माणसाला भयंकर कृत्य करायलाही तयार करते, ही भीती आपल्या श्रद्धेत कुठे जाते?

बिबवेवाडीकर

धागा चांगला आहे, पण माझी एक काळजी नोंदवतो. आपल्या मंडळ्यांत "आज्ञा पाळा म्हणजे आशीर्वाद मिळेल" हे इतक्या वेळा सांगितले जाते की कृपेने तारण होते ही गोष्ट केवळ गीतात उरते. मुलगा दहावीत कमी गुणांनी पास झाला, दुकान बुडाले, मूल होत नाही, की लगेच घरात कोणती आज्ञा मोडली याचा शोध सुरू होतो. पौलाने इफिसकरांना लिहिलेल्या पत्राचा दुसरा अध्याय नीट वाचावा: आठव्या आणि नवव्या वचनात तारण कृपेने आहे, कर्मांनी नाही; आणि दहाव्या वचनात ती सत्कृत्ये येतात, जी देवाने आपण आचरावीत म्हणून आधीच योजून ठेवली आहेत. क्रम उलटा केला की सगळेच उलटे होते.

१५६३ सालच्या हायडेलबर्ग प्रश्नोत्तरावलीची (प्रॉटेस्टंट धर्मशिक्षणाच्या पुस्तकाची) रचना मला यासाठी फार मोलाची वाटते. तिच्यातल्या १२९ प्रश्नांचे तीन भाग आहेत: माणसाची दैना, त्याची सुटका आणि त्याची कृतज्ञता. दहा आज्ञांचे सविस्तर विवरण पहिल्या भागात येत नाही, ते तिसऱ्या भागात, कृतज्ञतेखाली येते. मिसर देशातही असेच घडले होते. लोक आधी तांबड्या समुद्रातून बाहेर काढले गेले आणि आज्ञा त्यांना त्यानंतर सीनाय पर्वतापाशी मिळाल्या. दहा आज्ञांची सुरुवातच "तुला दास्यगृहातून बाहेर काढणारा मी तुझा देव" या ओळखीने होते. सुटका झालेल्यांना दिलेली ती आज्ञा आहे, सुटकेची अट म्हणून दिलेली नाही.

अबोली

वरच्या तिन्ही पोस्टी वाचल्या. मला जे म्हणायचे आहे ते थोडे कडवट वाटेल.

आपल्या घरांत "आज्ञाधारक" हे विशेषण कुणाला लावले जाते ते पाहा. मुलीला, सुनेला, मंडळीतल्या गरीब सभासदाला. मंडळीच्या पंच समितीच्या अध्यक्षांना कुणी आज्ञाधारक म्हटलेले मी ऐकलेले नाही. देवाच्या आज्ञेचा विषय निघाला की ती हळूच सासऱ्यांची, पाळकसाहेबांची, नवऱ्याची आज्ञा होऊन बसते, आणि इफिसकरांस पत्राचा सहावा अध्याय मुलांना ऐकवताना बापांना सांगितलेले चौथे वचन (आपल्या मुलांना चिरडीस आणू नका) वाचायचे राहून जाते.

म्हणून या धाग्यावर पंडिता रमाबाईंचे नाव आलेच पाहिजे. २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडमध्ये वाँटेज येथे त्यांचा बाप्तिस्मा झाला. तिथल्या सिस्टरांच्या संघाचे पुण्यात पंचहौदलाही काम होते आणि रमाबाईंचा त्यांच्याशी परिचय इथलाच. पुढे त्यांच्या आध्यात्मिक आई म्हणवणाऱ्या सिस्टर जेराल्डीन आणि काही बिशप यांना वाटू लागले की रमाबाई हट्टी आहेत, चर्चच्या शिकवणुकीपुढे मान तुकवत नाहीत, पुरुष विद्यार्थ्यांना शिकवण्याचा विचार करतात. १८८५ च्या सुमारास रमाबाईंनी पत्रातून जे कळवले त्याचा आशय असा की, भारतातल्या पुरोहितांचे जू मोठ्या कष्टाने मानेवरून उतरवले आहे. आता धर्मगुरूंचा प्रत्येक शब्द परात्पराची आज्ञा समजून तसलेच दुसरे जू मानेवर घेणार नाही, मला सदसद्विवेक आहे आणि विचार करण्याची शक्ती देवानेच दिली आहे.

आता हीच बाई आज्ञाभंजक होती का, ते पाहा. १८९६-९७ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या आणि उपासमारीने हाडे उरलेल्या मुली घेऊन आल्या. स्वतः त्यांनी तरुणपणी उपासमारीच्या भटकंतीत आईवडील गमावले होते, त्यामुळे त्या काय पाहत आहेत हे त्यांना कुणी समजावून सांगण्याची गरज नव्हती. पुण्यात प्लेगच्या दिवसांत इतक्या मुलींना ठेवून घेणे अशक्य झाले, तेव्हा केडगावच्या शेतावर सोय केली आणि तिथे मुक्ती मिशन उभे राहिले. बिशपांना नकार देणाऱ्या आणि दुष्काळातल्या मुलींना होकार देणाऱ्या रमाबाई मला एकच व्यक्ती म्हणून कळतात. मला आज्ञापालन शिकवायचे असेल, तर कृपया तिथून सुरुवात करा.

रामवाडी

अबोलीताई, आपल्या पोस्टीशी बहुतांशी सहमत आहे, तरी कॅथलिक परंपरेतून थोडी वेगळी बाजू मांडतो. "मी फक्त देवाचे ऐकतो" असे म्हणणारा माणूस पुष्कळदा फक्त स्वतःचे ऐकत असतो, आणि हे त्याला कळावे म्हणून कुणीतरी समोर असावे लागते. मठांच्या परंपरेत आज्ञापालनाचे व्रत आले त्यामागे हा अनुभव आहे. संत बेनेडिक्ट यांच्या नियमावलीच्या पाचव्या अध्यायात विलंब न लावता आज्ञा पाळण्याविषयी लिहिले आहे, हे सर्वांना माहीत असते. पण त्याच नियमावलीच्या तिसऱ्या अध्यायात मठाधिपतीला बजावले आहे की महत्त्वाच्या बाबतीत सर्वांना बोलावून त्यांचे मत घ्यावे, कारण जे अधिक चांगले ते प्रभू अनेकदा सर्वांत धाकट्याला प्रकट करतो. आणि एकाहत्तराव्या अध्यायात बंधूंनी एकमेकांचीही आज्ञा पाळावी असे म्हटले आहे. आपल्याकडे पाचवा अध्याय तेवढा पोहोचला आणि बाकीचे दोन वाटेतच राहिले, अशी माझी खंत आहे.

संत थॉमस अक्वायनस यांनीही वरिष्ठांच्या आज्ञेला मर्यादा घातली आहे: ती देवाच्या आज्ञेविरुद्ध असेल किंवा त्यांच्या अधिकाराबाहेरची असेल, तर ती बांधील नाही. १९९२ च्या कॅथलिक धर्मशिक्षणाच्या ग्रंथात विवेकाच्या निश्चित निर्णयाप्रमाणे वागण्याचे बंधन स्पष्ट आहे, मात्र त्या विवेकाला वळण लावण्याची जबाबदारीही तितकीच स्पष्ट आहे. मरियेचा होकारही आठवावा. ती देवदूताला आधी विचारते, "हे कसे होईल?", आणि मग म्हणते, "आपल्या वचनाप्रमाणे मला होवो." विचारणे हा तिच्या आज्ञाधारकपणाचाच भाग आहे.

गुरुवारपेठी

प्रश्नचिन्ह यांना आधी उत्तर देणे भाग आहे, कारण त्यांचा प्रश्न सर्वांत अवघड आहे.

अमालेकांवरचा तो अध्याय वाचताना मलाही जड जाते, आणि ते लपवण्याचे कारण नाही. तो आदेश एका विशिष्ट काळातला, एका राजाला दिलेला होता; तो कुणालाही वारसाने मिळालेला नाही. ख्रिस्ती माणूस जुना करार येशूच्या हातून वाचतो, आणि एका शोमरोनी गावाने येशूला थारा दिला नाही म्हणून आकाशातून अग्नी मागवू का असे शिष्यांनी विचारले, तेव्हा त्याने त्यांनाच धमकावले (लूक ९:५५). त्यामुळे आज कुणी देवाच्या नावाने दुसऱ्याचा जीव घेण्याची आज्ञा मिळाल्याचे सांगत असेल, तर येशूचा शिष्य त्याचे ऐकू शकत नाही. एवढे म्हणूनही त्या अध्यायाची सगळी अडचण सुटते, असा माझा दावा नाही.

इसहाकाच्या बाबतीत मात्र मला अधिक ठामपणे बोलता येते. मोरिया डोंगरावर अब्राहामाचा सुरी धरलेला हात थांबवला जातो आणि झुडपात अडकलेला एडका दिला जातो. इस्राएलात पोटच्या मुलाचा बळी त्या दिवसानंतर कधीही भक्ती ठरत नाही. पुढे हिन्नोमाच्या खोऱ्यात लोक आपली मुले अग्नीत होमू लागले, तेव्हा यिर्मया संदेष्ट्याच्या तोंडून (७:३१) परमेश्वर म्हणतो की असली आज्ञा मी दिली नाही, ती माझ्या मनातही आली नाही. माणसे देवाच्या नावावर आज्ञा खपवतात, हे बायबलला चांगले माहीत आहे. चांगुणेची कथा ऐकताना आपल्याला जे होत असे, तीच भावना मीखाच्या "माझा ज्येष्ठ पुत्र देऊ काय?" या प्रश्नातही मला ऐकू येते, आणि त्याला मिळालेले उत्तर मी वर लिहिलेच आहे.

अबोलीताईंनी जे लिहिले त्यातून मला एक कसोटी दिसते. प्रेषितांची कृत्ये ५:२९ मध्ये पेत्र आणि प्रेषित न्यायसभेपुढे म्हणतात की माणसांपेक्षा देवाची आज्ञा मानली पाहिजे. हे वचन मंडळीतल्या भांडणांत कुणीही कुणाच्याही तोंडावर फेकते. पण त्याच अध्यायाच्या चाळिसाव्या वचनात प्रेषितांना फटके मारले जातात. त्यांच्या आज्ञापालनाची किंमत त्यांच्याच पाठीवर वसूल झाली. निर्गमच्या पहिल्या अध्यायातल्या शिप्रा आणि पुवा या सुइणींनी फारोची आज्ञा मोडली, तीही स्वतःचा जीव धोक्यात घालून आणि दुसऱ्यांची बाळे वाचवण्यासाठी. ज्या आज्ञापालनाची किंमत नेहमी दुसरेच कुणी मोजते, त्याकडे संशयाने पाहावे असे मला वाटते.

अबोली

ही कसोटी मला मान्य आहे, पण ती वाटते तितकी सोपी नाही. नारायण वामन टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला तो स्वतःच्या प्रामाणिक विश्वासाने, यात शंका नाही. त्याची किंमत मात्र पत्नी लक्ष्मीबाईंनीही मोजली: संसार मोडला, माहेरच्या आधाराने राहावे लागले, आणि हे सगळे त्यांना न विचारता झाले. त्यांचे आत्मचरित्र "स्मृतिचित्रे" वाचताना टिळकांबद्दल आदर आणि राग दोन्ही वाटतात. पुढे त्या टिळकांकडे परतल्या, पण ख्रिस्ती झाल्या त्या स्वतःला पटल्यावर. तो काळ टिळकांनी वाट पाहिली, हे त्यांच्या बाजूने सांगितले पाहिजे. देवाची आज्ञा मला मिळाली म्हणजे ती माझ्या घरातल्या सर्वांना मिळाली असे होत नाही. त्यांना थांबून विचार करण्याचा हक्क राहतो.

बिबवेवाडीकर

टिळकांचीच पुढची गोष्ट गुरुवारपेठी यांच्या कसोटीला उतरते. १९१७ मध्ये त्यांनी मिशनची नोकरी सोडली आणि बाप्तिस्मा घेतलेले व न घेतलेले अशा दोघांनाही सामावणाऱ्या "देवाच्या दरबारा"चे काम हाती घेतले. पगार त्यांचा स्वतःचा गेला.

दौंडकर

बरेच दिवस नुसते वाचतो आहे, आज लिहितो. धागाकर्त्यांनी दोन बाकांवर बसणाऱ्या भावांचे लिहिले आहे. आमच्या घरात तेच आहे. वडिलांच्या पश्चात जमिनीच्या वाटणीवरून थोरल्या भावाने दावा लावला, तारखा चालू आहेत. कागद माझ्या बाजूने आहेत असे वकील म्हणतात. मत्तय ५:२३ पाळायचे म्हणजे मी हक्क सोडून द्यायचा का? बायको म्हणते की मुलांच्या तोंडचे काढून देण्याला देवाची आज्ञा म्हणू नका. तिचेही चुकत नाही.

गुरुवारपेठी

दौंडकर, तुमच्या पत्नींचे म्हणणे हलके घेण्यासारखे अजिबात नाही. किंमत त्या आणि मुलेही मोजणार आहेत, त्यामुळे त्यांच्या संमतीवाचून काही सोडून देऊ नये. त्या वचनात हक्क सोडण्याविषयी काही लिहिलेले नाही. जा आणि समेट कर, एवढेच आहे. पौल करिंथकरांना (पहिले पत्र, सहावा अध्याय) विचारतो की कोर्टात जाण्यापेक्षा तुम्ही अन्याय का सोसून घेत नाही, आणि तो प्रश्न टोचतो हे खरे. पण त्याच ठिकाणी तो मंडळीत निवाडा करू शकेल असा एकही शहाणा माणूस नाही काय, असेही विचारतो. म्हणजे न्याय हवा आहे, भावंडांसारखा हवा आहे. वाटणी कायद्याने जशी व्हायची तशी होऊ द्या, आपसात तडजोड होत असेल तर वकिलांच्या सल्ल्याने लेखी करा. मात्र दावा चालू असतानाही तुम्ही भावाशी बोलू शकता, आणि ही आज्ञा कोर्टाच्या निकालाची वाट पाहायला सांगत नाही.

दौंडकर

जायचे झाले तर पाळकसाहेबांना बरोबर न्यावे का? एकटा गेलो तर वाद वाढेल अशी भीती वाटते.

रामवाडी

मत्तय १८:१५ प्रमाणे पहिल्यांदा एकट्यानेच जावे. एकदोघांना बरोबर नेण्याची वेळ त्याने ऐकले नाही तर येते. पाळक बरोबर असले की थोरल्या भावाला आपल्यावर पंच बसवल्यासारखे वाटण्याची शक्यता असते. जमिनीचा विषय त्या भेटीत काढू नका आणि कागदही नेऊ नका. वहिनींना आधी फोन करून येतो म्हणून सांगा, म्हणजे दार उघडायला तरी कुणी असेल.

अबोली

आणि पत्नीला विचारून जा. त्या येते म्हणाल्या तर बरोबर न्या.